भेट देणारा आणि सोबत राहणारा : डिकन्सच्या कादंबऱ्यांतील तुरुंग

प्रस्तावना

चार्ल्स डिकन्स (१८१२-१८७०) हा व्हिक्टोरियन काळातील दीनदुबळ्यांचा कैवारी आणि समाजसुधारक कादंबरीकार होता, हे विधान इंग्रजी वाङ्मयाच्या बहुतेक इतिहासग्रंथांत आणि त्यांच्या आधारे तयार होणाऱ्या वर्गातील टिपणांत आढळते. हे विधान चुकीचे नसले तरी अपुरे आहे. तुरुंग आणि शिक्षा या विषयांपुरते पाहिले तर ते दिशाभूल करणारेही ठरते. ज्या लेखकाने न्यूगेटच्या कोठडीतील मृत्यूची वाट पाहणारा माणूस वाचकाच्या डोळ्यांसमोर उभा केला, त्याच लेखकाने कैद्यांचे फार लाड होतात अशी तक्रार केली, पायचक्कीच्या शिक्षेचे समर्थन केले आणि उतारवयात गुंडांना फटके मारावेत असेही लिहिले. हा अंतर्विरोध समीक्षकांच्या नजरेतून सुटलेला नाही. मात्र वयोमानानुसार आलेला कठोरपणा किंवा बालपणीच्या जखमेचा परिणाम, असे त्याचे स्पष्टीकरण सामान्यतः दिले जाते.

प्रस्तुत लेखात या अंतर्विरोधाचा वेगळ्या अंगाने विचार केला आहे. डिकन्स तुरुंगाकडे दोन भूमिकांतून पाहतो. एक भूमिका तुरुंगाला भेट देणाऱ्या पाहुण्याची आहे. तो सकाळी आत जातो, पाहणी करतो आणि सायंकाळी घरी परततो. दुसरी भूमिका कैद्यासोबत राहणाऱ्याची आहे. ती कैदी सुटल्यावरही त्याची साथ सोडत नाही. डिकन्सचे तुरुंगविषयक सर्वश्रेष्ठ लेखन दुसऱ्या भूमिकेतून झाले आहे आणि त्याची सर्वांत कठोर मते पहिल्या भूमिकेतून आली आहेत, हे येथे दाखवावयाचे आहे.

तुरुंगव्यवस्थेतील स्थित्यंतर

डिकन्सच्या हयातीत इंग्लंडमधील शिक्षापद्धती मुळापासून बदलली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दोनशेहून अधिक गुन्ह्यांना कायद्याने मृत्युदंड होता. १८६१ पर्यंत ही संख्या खून, राजद्रोह, हिंसक चाचेगिरी आणि शाही गोदीला आग लावणे एवढ्या चार गुन्ह्यांवर आली. न्यू साउथ वेल्सकडे होणारी हद्दपारी १८४० मध्ये थांबली. १८५३ च्या कायद्याने हद्दपारीच्या जागी इंग्लंडमध्येच भोगावयाची सक्तमजुरी मोठ्या प्रमाणावर आली आणि कैद्यांचे शेवटचे जहाज जानेवारी १८६८ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात पोहोचले. त्याच वर्षी सार्वजनिक फाशीही बंद झाली. १८६९ च्या कायद्याने कर्जापायी होणारी कैद बहुतांशी संपुष्टात आली आणि १८७७ च्या कायद्याने स्थानिक तुरुंग केंद्र सरकारच्या ताब्यात गेले. फाशीचा खांब, हद्दपारीचे जहाज आणि कर्जदारांचा तुरुंग मागे पडून त्यांच्या जागी बंद कोठडी आली, असा या स्थित्यंतराचा सारांश सांगता येईल.

ही कोठडी कशी असावी, याविषयी दोन मते होती. मौन पद्धतीत कैदी एकत्र काम करीत, पण त्यांना परस्परांशी बोलण्यास मनाई असे. एकांत पद्धतीत कैद्याला अन्य कैद्याचे तोंडही दिसू नये अशी योजना असे. १८४२ मध्ये लंडनमध्ये सुरू झालेला पेंटनविलचा तुरुंग हा दुसऱ्या पद्धतीचा आदर्श मानला गेला. तेथे ५२० स्वतंत्र कोठड्या होत्या. कोठडीबाहेर पडताना कैद्याला चेहरा झाकणारी टोपी घालावी लागे आणि प्रार्थनामंदिरातही प्रत्येकाच्या बैठकीभोवती फळ्यांचा आडोसा असे. एकांतात माणसाचा विवेक जागा होतो आणि धर्मोपदेशाने त्याचे परिवर्तन होते, हा त्यामागील विश्वास होता. प्रत्यक्षात अनेक कैद्यांची मने बिघडू लागल्याने सुरुवातीची अठरा महिन्यांची मुदत पुढे टप्प्याटप्प्याने कमी करावी लागली. मराठी वाचकाला ही कल्पना अपरिचित नाही. १८९६ ते १९०६ या काळात अंदमानात बांधलेल्या तुरुंगाला त्याच्या स्वतंत्र कोठड्यांमुळेच ‘सेल्युलर जेल’ हे नाव मिळाले आणि सावरकरांच्या ‘माझी जन्मठेप’ या ग्रंथाने ती कोठडी मराठी मनात कायमची कोरली आहे.

मार्शलसी : सुटकेनंतरचा तुरुंग

डिकन्सला तुरुंगाची पहिली ओळख पाहुणा म्हणून झाली नाही. त्याचे वडील जॉन डिकन्स हे नौदलाच्या वेतन कार्यालयात कारकून होते. फेब्रुवारी १८२४ मध्ये चाळीस पौंडांच्या आसपासच्या कर्जापायी त्यांना मार्शलसीच्या तुरुंगात टाकण्यात आले. बारा वर्षांचा चार्ल्स त्या वेळी बुटांच्या काळ्या पॉलिशच्या कारखान्यात डब्यांवर कागद चिकटवीत होता. आई आणि धाकटी भावंडे वडिलांसोबत तुरुंगातच राहावयास गेली. सुमारे तीन महिन्यांनी वडील सुटले. ही हकीकत डिकन्सने जनतेपासून लपवून ठेवली आणि त्याच्या मृत्यूनंतर जॉन फॉर्स्टरने लिहिलेल्या चरित्रातून ती उजेडात आली.

कर्जदारांचा तुरुंग ही एक विलक्षण विसंगत संस्था होती. कर्ज फेडता येत नाही म्हणून माणसाला कैद करावयाचे आणि कैदेमुळे त्याचे कमाईचे मार्ग बंद करावयाचे, असा तिचा न्याय होता. तेथे कुटुंब राहू शकत असे, बाहेरचे लोक दिवसा ये-जा करीत आणि रात्री दरवाजा बंद होई. म्हणजे समाज आणि तुरुंग यांच्यातील भिंत तेथे पुरती बंदिस्त नव्हती. डिकन्सने ‘पिकविक पेपर्स’मध्ये (१८३६-३७) फ्लीट तुरुंगाचे आणि ‘डेव्हिड कॉपरफील्ड’मध्ये (१८४९-५०) मिकॉबरच्या किंग्ज बेंच तुरुंगातील वास्तव्याचे चित्र रेखाटले, पण या अनुभवाचा पूर्ण अर्थ त्याच्या हाती लागला तो ‘लिटल डॉरिट’मध्ये (१८५५-५७). मार्शलसी १८४२ मध्येच बंद झाला होता. तेव्हा ही कादंबरी एखाद्या चालू अन्यायाविरुद्ध लिहिलेली तक्रार नाही, ही गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. बंद पडलेला तुरुंग कादंबरीकार का उघडतो, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर कादंबरीच्या रचनेत आहे. विल्यम डॉरिट वीस वर्षांहून अधिक काळ मार्शलसीत राहतो आणि ‘मार्शलसीचा पिता’ म्हणून तेथे मान मिळवितो. नव्या कैद्यांकडून मिळणाऱ्या नाण्यांना तो भिक्षा न म्हणता आदराची भेट समजतो. धाकटी मुलगी एमी हिचा जन्मच तुरुंगात झाला आहे. ती शिवणकाम करून बापाला पोसते आणि बापाला ते कळू नये याची काळजीही घेते. पहिल्या भागाच्या शेवटी त्याला अकस्मात मोठा वारसा मिळतो आणि कुटुंब वाजतगाजत बाहेर पडते. सुधारणावादी कादंबरी येथे संपली असती. डिकन्सची कादंबरी येथे अर्ध्यावर आलेली असते. त्याने पहिल्या भागाला ‘दारिद्र्य’ आणि दुसऱ्याला ‘श्रीमंती’ असे नाव दिले आहे, आणि तुरुंगाचे खरे दर्शन दुसऱ्या भागात घडते.

युरोपच्या प्रवासात डॉरिटला प्रत्येक नोकराच्या नजरेत स्वतःचा भूतकाळ दिसतो. एखादा शब्द, एखादी थट्टा त्याला असह्य होते. अखेरीस रोममधील एका थाटाच्या मेजवानीत त्याचे भान सुटते आणि जमलेल्या प्रतिष्ठित मंडळींचे तो मार्शलसीत आलेले नवे कैदी समजून स्वागत करतो. हा प्रसंग करुण आहे, तसाच तो भेदकही आहे. त्या मेजवानीतील पैसा, मान आणि भीती यांचे व्यवहार मार्शलसीतील व्यवहारांहून फार निराळे नाहीत. या भ्रमिष्ट भाषणाने समाजाचेच वर्णन अजाणता होते. लायोनेल ट्रिलिंग याने १९५३ मध्ये या कादंबरीच्या प्रस्तावनेत तुरुंग हे समाजाचे आणि मनाचे प्रतीक असल्याचे प्रतिपादन केले. ते मान्य करूनही असे म्हणावे लागते की, केवळ प्रतीक म्हटल्याने तुरुंगाचे ठोस वास्तव निसटते. डॉरिटचा तुरुंग प्रथम एक सवय आहे. ती वीस वर्षांच्या प्रत्यक्ष कैदेने अंगात भिनवली आहे आणि कुलूप उघडून ती जात नाही. कैदी सुटल्यानंतर कादंबरीकार त्याच्यासोबत राहिला, म्हणूनच हे दिसू शकले.

‘अ टेल ऑफ टू सिटीज’मधील (१८५९) डॉक्टर मॅनेट याच तत्त्वाचे दुसरे उदाहरण आहे. बास्तीयमधून अठरा वर्षांनी सुटलेला हा विद्वान चिकित्सक मनावर आघात झाला की पुन्हा कैदेतील चांभारकामाकडे वळतो. या व्यक्तिरेखेचे बीज १८४२ मध्येच पडले होते, असे म्हणता येते. त्या वर्षी डिकन्सने फिलाडेल्फिया येथील एकांत पद्धतीचा प्रसिद्ध तुरुंग पाहिला आणि ‘अमेरिकन नोट्स’मध्ये त्यावर कडक टीका केली. मनावर रोज होणारा तो अदृश्य आघात शरीराच्या यातनेपेक्षा भयंकर आहे, असे त्याचे म्हणणे होते. प्रवासवर्णनातील हे प्रकरण नमुनेदार आहे. तेथेही तो पाहुणाच होता. पण पाहणी झाल्यावर तो एका कल्पित कैद्याच्या कोठडीत शिरतो आणि त्याचे पहिले दिवस, मग महिने, मग वर्षे मनाने जगून पाहतो. तेवढ्यापुरता पाहुणा सोबती झाला आहे.

आदर्श कैदी : पाहुण्याची नजर

याच्या उलट बाजू १८५० मध्ये दिसते. त्या वर्षी ‘हाउसहोल्ड वर्ड्स’ या आपल्या साप्ताहिकात डिकन्सने लाडावलेल्या कैद्यांवर लेख लिहिला. पेंटनविलवरील खर्च, कैद्याला मिळणारे अन्न आणि अनाथालयवजा श्रमगृहातील निरपराध गरिबाला मिळणारे अन्न यांची तुलना करून त्याने एकांत पद्धतीची टर उडविली. कैदी पाद्र्याला हवा तसा पश्चात्ताप बोलून दाखवितात, हा त्याचा दुसरा आक्षेप होता. पर्याय म्हणून त्याने मौन पद्धतीचा आणि कष्टाच्या शिक्षेचा पुरस्कार केला. १८३४ च्या गरीब कायद्यावर ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मध्ये (१८३७-३९) प्रहार करणारा लेखक येथे त्या कायद्यामागील तर्कच वेगळ्या रूपात वापरतो. अपराध्याची स्थिती निरपराध गरिबापेक्षा बरी असता कामा नये, हा तो तर्क होय. तुलना न्याय्य वाटते. परंतु तिचा परिणाम गरिबाचे ताट भरण्यात होत नाही, कैद्याचे ताट रिकामे करण्यात होतो.

हाच दृष्टिकोन ‘डेव्हिड कॉपरफील्ड’च्या एकसष्टाव्या प्रकरणात उतरला आहे. डेव्हिड आणि ट्रॅडल्स एक नवा आदर्श तुरुंग पाहावयास जातात. लहानपणी मुलांना झोडपणारा शाळामास्तर क्रीकल आता मॅजिस्ट्रेट होऊन कैद्यांविषयी कनवाळू झाला आहे. सत्तावीस आणि अठ्ठावीस क्रमांकांचे दोन आदर्श कैदी दाखविले जातात, तेव्हा ते युराया हीप आणि लिटिमर निघतात. दोघेही गोड शब्दांत पश्चात्ताप सांगतात आणि त्यातच खाण्यापिण्याविषयीची तक्रारही सुचवितात. उपहास म्हणून हे प्रकरण प्रभावी आहे. मुलांशी क्रूर आणि कैद्यांशी हळवा असा क्रीकल ही योजनाही मार्मिक आहे.

तथापि कादंबरीच्या संदर्भात हे प्रकरण खटकते. एकोणचाळिसाव्या प्रकरणात युरायाने स्वतःची कहाणी सांगितलेली आहे. त्याला आणि त्याच्या बापाला धर्मादाय शाळेत नम्रतेचेच शिक्षण मिळाले. वरिष्ठांपुढे वाकणे हाच पुढे जाण्याचा मार्ग आहे, हे त्याने तेथे ओळखले. म्हणजे युरायाचे ढोंग संस्थेने शिकविलेले आहे. त्या क्षणी डेव्हिडलाही प्रथमच या दुष्टपणाचे मूळ दिसते. असे असताना एकसष्टाव्या प्रकरणात तुरुंगही एक दुसरी धर्मादाय शाळा आहे आणि युराया जुनाच धडा तेथे गिरवीत आहे, हा निष्कर्ष वाचकाच्या अगदी जवळ येऊन निसटतो. कादंबरीकाराने पेरलेले सत्य पत्रकार उचलत नाही. याचे कारण असे की, या प्रकरणात डेव्हिड पाहुणा आहे. त्याला दार उघडून कैदी दाखविले जातात, तो हसतो आणि घरी जातो. कादंबरीच्या पोटात शिरलेला हा एक लेखच आहे. त्यामुळे लेखनप्रकारापेक्षा लेखकाची भूमिका निर्णायक ठरते, हे स्पष्ट होते.

समकालीन सुधारणावादी कादंबरी

डिकन्सच्या पद्धतीचे वेगळेपण चार्ल्स रीड याच्या ‘इट इज नेव्हर टू लेट टु मेंड’ (१८५६) या कादंबरीशी तुलना केल्यास अधिक उठून दिसते. तिच्यामागे बर्मिंगहॅम तुरुंगातील सत्य घटना आहे. तेथे एडवर्ड अँड्र्यूज या पंधरा वर्षांच्या मुलाला दिवसाला १०,००० वेळा निरुपयोगी चक्र फिरविण्याची शिक्षा होती. काम पुरे न झाल्यास अन्न तोडले जाई. १८५३ मध्ये त्याने गळफास घेतला आणि चौकशी आयोग नेमावा लागला. रीडने क्रूर तुरुंगाधिकारी आणि करुणामय पाद्री यांच्या संघर्षातून ही कथा मांडली. पुराव्याच्या बळावर उभी राहिलेली ती धाडसी कादंबरी आहे. परंतु तिच्यात दुष्ट अधिकारी दूर झाला की तुरुंग सुधारतो. ‘लिटल डॉरिट’मध्ये असा दूर करण्याजोगा खलनायक नाही, मार्शलसीचा पहारेकरी तर एमीचा प्रेमळ धर्मपिता आहे. माणसे चांगली असूनही संस्था माणूस मोडते, हे रीडच्या रचनेत मावत नाही. सुधारणेच्या दृष्टीने रीडची कादंबरी अधिक उपयोगी असेल. तुरुंगाच्या आकलनाच्या दृष्टीने डिकन्सची अधिक खोल आहे.

‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ : पाहुण्यापासून सोबत्यापर्यंत

‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’मध्ये (१८६०-६१) या दोन भूमिकांतील अंतर हाच कथेचा विषय बनतो. कादंबरीचा आरंभच जुन्या जहाजावरील तुरुंगातून पळालेल्या मॅग्विचपासून होतो. पुढे लंडनमध्ये सभ्य गृहस्थ झालेला पिप बत्तिसाव्या प्रकरणात वेमिकसोबत न्यूगेट पाहावयास जातो. माळी रोपांमधून फिरावा तसा वेमिक कैद्यांमधून फिरतो. बाहेर पडल्यावर एस्टेला भेटणार म्हणून पिप आपल्या कपड्यांवरची आणि पायांवरची तुरुंगाची धूळ झटकतो. त्याला ठाऊक नसते की अंगावरचे ते कपडे एका कैद्याच्या पैशांचे आहेत आणि एस्टेला त्याच कैद्याची मुलगी आहे. व्हिक्टोरियन सभ्यतेवर याहून मार्मिक भाष्य सापडणे कठीण. जी धूळ झटकावयाची तिच्यावरच ती सभ्यता उभी आहे.

मॅग्विचची हकीकत याच विचाराला पुष्टी देते. त्याला स्वतःची पहिली जाणीव होते ती भुकेपोटी सलगम चोरताना. त्यानंतरचे त्याचे आयुष्य तुरुंगात जाणे आणि बाहेर येणे एवढेच आहे. एकाच गुन्ह्यात कॉम्पेसनला सात वर्षे आणि त्याला चौदा वर्षे शिक्षा होते, कारण कॉम्पेसन दिसण्या-बोलण्यात सभ्य आहे. न्यायालय येथे गुन्हा मोजीत नाही, वर्ग मोजते. एडवर्ड सईद याने १९९३ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे, हद्दपार माणसाने वसाहतीत श्रीमंत व्हावे पण मायदेशी परतू नये, अशी साम्राज्याची अट होती. परतलेल्या मॅग्विचचा अपराध हाच आहे. परतण्याबद्दलचा मृत्युदंड १८३४ मध्येच रद्द झाला होता. कादंबरीचा काळ त्याआधीचा असल्याने तो येथे लागू होतो.

छप्पन्नाव्या प्रकरणात बत्तीस स्त्री-पुरुषांना एकाच वेळी मृत्युदंड सुनावला जातो. पिप त्या न्यायालयात प्रेक्षकांत नाही; तो आरोपीच्या पिंजऱ्याजवळ मॅग्विचचा हात हातात धरून उभा आहे. नंतर तो तुरुंगाच्या रुग्णालयात रोज त्याच्याजवळ बसतो. धूळ झटकणारा पाहुणा येथे सोबती झाला आहे. पिपचे नैतिक परिवर्तन एवढेच आहे आणि ते पुरेसे आहे. उल्लेखनीय बाब अशी की, कैद्याला सुधारण्यासाठी उभारलेल्या सर्व यंत्रणांपैकी कोणतीही मॅग्विचला बदलीत नाही. त्याला सौम्य करते ते एका मुलाने दिलेले अन्न आणि अखेरीस कोणीतरी धरलेला हात.

समीक्षेची भूमिका

फिलिप कॉलिन्स याने १९६२ मधील आपल्या ग्रंथात डिकन्सची शिक्षाविषयक मते तपशीलवार तपासून ती काळानुसार कठोर होत गेल्याचे दाखविले. १८४६ मध्ये मृत्युदंड पूर्ण रद्द करावा म्हणणारा डिकन्स १८४९ मध्ये मॅनिंग दांपत्याची फाशी पाहून आल्यावर केवळ सार्वजनिक फाशी बंद करण्याची मागणी करतो, हे त्याचे ठळक उदाहरण. परंतु मते कठोर होत गेली त्याच काळात ‘लिटल डॉरिट’ आणि ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ लिहिल्या गेल्या, आणि गुंडांना फटके मारण्याचा सल्ला देणारा लेख १८६८ चा, म्हणजे मॅग्विचनंतरचा आहे. त्यामुळे मतांचा आलेख कादंबऱ्यांचा अर्थ सांगू शकत नाही. एडमंड विल्सनने १९४१ मध्ये बालपणीच्या जखमेवर भर दिला. जखम खरी आहे. पण तीच जखम घेऊन डिकन्सने दोन्ही प्रकारचे लेखन केले. डी. ए. मिलर याने १९८८ मध्ये, फूकोच्या १९७५ मधील विवेचनाच्या प्रकाशात, कादंबरी हा प्रकारच शिस्त लावणाऱ्या यंत्रणेचा भाग असल्याचे मांडले. एकसष्टाव्या प्रकरणाला हे विवेचन चांगले लागू पडते. न्यायालयात हात धरून उभ्या असलेल्या पिपला मात्र ते लागू पडत नाही. तो कोणावर पाळत ठेवीत नाही.

निष्कर्ष

१. डिकन्सच्या तुरुंगविषयक लेखनातील अंतर्विरोध वयाचा किंवा लेखनप्रकाराचा नसून भूमिकेचा आहे. पाहुण्याच्या भूमिकेत तो आपल्या वर्गाची मते बोलतो. सोबत्याच्या भूमिकेत तो त्या मतांच्या पलीकडे जातो.

२. त्याच्या श्रेष्ठ कादंबऱ्यांत शिक्षेची मुदत सुटकेने संपत नाही. डॉरिट, मॅनेट आणि मॅग्विच यांच्याद्वारे तो शिक्षेचे दीर्घकालीन परिणाम दाखवितो. समकालीन अहवाल आणि सुधारणावादी कादंबऱ्या यांच्यात ही दृष्टी क्वचितच आढळते.

३. गुन्हेगार आणि सभ्य समाज यांचे आर्थिक व भावनिक नाते उघड करणे, हे ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’चे मुख्य योगदान आहे.

अध्यापनाच्या दृष्टीनेही या निष्कर्षांना महत्त्व आहे. डिकन्सला ‘मानवतावादी’ म्हणून मोकळे होणे सोपे आहे. त्यामुळे विद्यार्थी कादंबरीत स्वतःला आपोआप करुणेच्या बाजूस उभे करतो. पिपची धूळ झटकण्याची कृती आणि एकसष्टाव्या प्रकरणात आपल्याला येणारे हसू ही दोन्ही एकत्र वाचली, तर करुणा ही वाचकाला आयती मिळालेली गोष्ट नसून तुरुंगाच्या दाराशी प्रत्येक वेळी नव्याने करावयाची निवड आहे, हे वर्गात दाखविता येईल.